बांध आणि वेदी

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पूर्वी त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, जुनी माणसं देवळात कंदील लावून बसायची. तिला तयारीची प्रार्थना म्हणत. आता ती बंद पडली. त्या वेळेला दूध घालायचं असतं, आणि मोटारीची लाइट नेमकी तेव्हाच येते. रविवारी सकाळी माणसं घाईनं येतात, मोबाईल बंद करतात, डोळे मिटतात. डोळे मिटले म्हणजे मन तयार झालं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पेरणाऱ्याचा दाखला सगळ्यांना माहीत आहे. वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं आणि चांगली जमीन. मी शेतकरी माणूस, म्हणून मला तो दाखला ऐकताना दरवेळी थोडं अडखळायला होतं. आमच्याकडं पाभरीनं पेरतात. वाटेवर दाणा सांडला तर म्हातारी माणसं तो वेचून घेतील. आणि जमीन काही जन्मतः चांगली-वाईट अशी कायमची ठरलेली नसते. माझ्या आज्यानं खडकाळ माळाचे दगड वेचून त्यांचीच ताल घातली, आज तिथं बाजरी येते. होशेय संदेष्ट्याला हे ठाऊक होतं. तो लोकांना पडीक रान फोडायला सांगतो. म्हणजे जमीन करावी लागते.

पण मशागतीलाही वेळ असते. ओल्या रानात औत घातलं तर ढेकळं अशी बनतात की पुढं पहार लावावी लागते. फार वाळलं तर नांगर वर उचलतो. मधे वाफसा येतो तो दोन-चार दिवसच. मनाचंही तसंच असावं. भांडण झाल्या-झाल्या कुणाला क्षमेचं सांगायला गेलं तर ढेकळंच निघतात, आणि फार दिवस जाऊ दिले तर काही आत शिरत नाही.

आमचे वडील निरक्षर. शास्त्र आई वाचायची, ते ऐकायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ती गोष्ट त्यांना फार धरून बसली होती. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. वडील म्हणायचे, "ते अर्पण म्हंजी काय पाकिटातले दहा रुपये नव्हं रं. बकरं असंल, नाय तर कबुतरं." त्यांचं बरोबर होतं. येशू हे बोलला गालीलात आणि वेदी होती यरुशलेमेत, कितीतरी दिवसांच्या पायवाटेवर. म्हणजे वेदीपर्यंत गेलेल्या माणसानं बकरं तिथं सोडायचं, एवढं सगळं परत चालत यायचं, भावाशी बोलायचं आणि पुन्हा जायचं. ऐकणारे हसलेही असतील. तोवर त्या बकऱ्याला चारा कुणी घालायचा, हे मात्र शास्त्रात नाही.

यातल्या दोन गोष्टींकडं माणसं बघत नाहीत. एक, अर्पण घरी परत न्यायला सांगितलेलं नाही. ते तिथंच राहतं. देव थांबायला तयार आहे. म्हणून "माझं मन साफ नाही, मी प्रभुभोजन घेत नाही" असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या माणसाचं मला पटत नाही. दुसरी, तिथं असं म्हटलेलं नाही की तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर. त्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर. हे फार अवघड आहे. आपला राग आपल्याला तोंडपाठ असतो, दुसऱ्याचा शोधावा लागतो.

तयारी म्हणजे मन शांत करणं, हेही मला मान्य नाही. हन्ना शिलोच्या मंदिरात गेली ती रडत, न जेवता, सवतीनं डिवचलेली. ओठ हलतात पण आवाज नाही, म्हणून एली याजकाला वाटलं बाई दारू प्यालीय. तिची प्रार्थना ऐकली गेली. भजनानं मन निवळतं हे खरं. नारायण वामन टिळकांनी आमच्या नगर भागात टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजन रुजवलं, ते आजही खेड्यांत चालतं आणि मला स्वतःला पेटीपेक्षा टाळाची गोडी जास्त. पण टाळ वाजवताना शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते विसरायला होतं, आणि काही वेळा माणूस विसरण्यासाठीच वाजवतो.

माझा चुलतभाऊ दरवर्षी नांगरताना बांध कोरतो. एक-एक तास. मोजणीचा अर्ज मी दिलेला आहे. माझ्या मनात काय आहे ते गावाला माहीत आहे. त्याच्या मनात काय आहे तेही आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या पाळ्या वाटल्या. चिठ्ठ्या टाकूनच वाटल्या. आम्हाला दिवसाची आली, त्यांना रात्रीची. दुसऱ्याच वर्षी माझी चुलती रात्री दारं धरताना पान लागून गेली.

गेल्या फाल्गुनात एका शनिवारी मी त्याच्या वस्तीवर गेलो. तो कडबा रचत होता.

"बांधाचं बोलायला आला आसशील," तो म्हणाला.

"नाय. पाळीचं."

त्यानं पेंढी खाली ठेवली. बराच वेळ बोलला नाही. मग त्या रात्रीचं सगळं सांगितलं. कंदील कसा विझला, तो स्वतः किती लहान होता, बैलगाडी जुंपेपर्यंत काय झालं. मी मधे काही बोललो नाही. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असंही म्हणालो नाही. वहिनीनं चहा आणला, तो आम्ही घेतला.

लाइटच आता आठवड्याआड दिवसा-रात्री येते, त्यामुळं पाळ्यांना तसा अर्थ उरलेला नाही. मोजणीचा अर्ज मी मागं घेतलेला नाही, तो घेणारही नाही. बांध बांधाच्या जागी पाहिजे. दुसऱ्या दिवशी देवळात तो माझ्या मागच्या बाकावर होता. प्याला माझ्याकडून त्याच्याकडं गेला.