मैदानातला क्रूस आणि आपले फाटक



लातूरहून रेल्वेने मुंबईला गेलो की सीएसएमटीला उतरतो. तेथून थोडे चालले की क्रॉस मैदान लागते. वीतभर जागेसाठी भांडणाऱ्या त्या बंदराच्या शहरात हे मैदान मोकळे आहे. कडेला फॅशन स्ट्रीटची गर्दी, आत क्रिकेटचे अनेक डाव, आणि उत्तर टोकाला एक जुना दगडी क्रूस. त्यावरूनच मैदानाचे नाव पडले. त्या क्रूसापुढे इतर धर्मांचे लोकही हात जोडतात.

इंग्रजांनी ही जागा खेळासाठी सोडली नव्हती. किल्ल्यावरच्या तोफांना समोर आडोसा नको, शत्रू लांबून दिसावा, म्हणून तटापुढची जमीन मोकळी ठेवली होती. १८६० च्या दशकात तट पाडला गेला आणि भीतीपोटी राखलेली जमीन पुढे लेकरांच्या वाट्याला आली. तलवारींचे नांगर होतील, असे यशया संदेष्ट्याने सांगितले होते, ते असेच काहीसे असावे.

मोकळ्या जागेचे मोल आपल्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर कित्येक रात्री घर असूनही माणसे उघड्यावर झोपली. भिंतींचीच भीती वाटत होती.

हे आज सांगण्याचे कारण असे. आपल्या धर्मग्रामाच्या सभेत सूचना आली की, वस्तीतली मुले चर्चच्या आवारात क्रिकेट खेळतात, चेंडूने खिडकीची काच फुटली, तेव्हा मिस्सेची वेळ सोडून फाटकाला कुलूप लावावे. आम्हीही मान हलवली. नंतर संत मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचताना मात्र आम्ही अडखळलो. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांना केवळ बाहेरच्या अंगणापर्यंत येता येई, आणि नेमका तेथेच बाजार भरला होता. मंदिर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचे घर आहे, असे सांगून प्रभू येशूने बाजार उठवला. परक्यांसाठी असलेली जागा त्याने मोकळी केली.

आपले आवार हेच आपले बाहेरचे अंगण आहे. काच पुन्हा बसवता येईल. पण ज्या मुलाला आपण हाकलू, त्याच्या मनात क्रूसाची आठवण म्हणून एक कुलूपच राहील.

म्हणून खिडक्यांना जाळी लावावी, असे आम्हांला वाटते. येत्या रविवारी मिस्सेनंतर आपण सर्वांनी मोकळेपणाने मत सांगावे. तोवर फाटक उघडे राहील.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

प्रभूठायी आपले,
धर्मगुरू