विद्यापीठांतील बंधुभाव

स्त्री-महाविद्यालयांतील विद्यार्थिनी ज्या विद्यापीठाची पदवी घेते त्या विद्यापीठाची ती खरोखर कितपत असते, हा प्रश्न वरवर पाहतां नियमावलीचा वाटतो. परीक्षा एक, पदवीपत्र एक. मग उरलें काय? परंतु इतर विद्यार्थी तिला आपली सहाध्यायी मानतात कीं नाहीं, हें नियमावलींत कोठेंच लिहिलेलें नसतें. आणि माझ्या मतें प्रश्नाचें मर्म तेथेंच आहे.

केंब्रिजचें उदाहरण घ्यावें. तेथील न्यूनहॅम या स्त्री-महाविद्यालयाच्या फिलिपा फॉसेट यांनीं 1890 सालीं गणिताच्या परीक्षेंत पहिल्या आलेल्या पुरुषाहूनही अधिक गुण मिळविले. पदवी मात्र त्यांना मिळाली नाहीं. 1897 मध्यें स्त्रियांना पदवी देण्याच्या प्रश्नावर मतदान झालें, तेव्हां विद्यार्थ्यांनीं सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा भर रस्त्यावर टांगला. ठराव फेटाळला गेला, आणि पूर्ण पदवी मिळण्यास 1948 साल उजाडावें लागलें. स्त्रिया गुणांत मागें पडल्या असत्या, तर त्यांना दूर ठेवण्यास निदान एक सबब होती. येथें बरोबरी सिद्ध झाल्यावरही दार बंदच राहिलें. अडचण बुद्धीची नव्हती, सोबतीची होती.

त्या वेळीं केंब्रिजला शिकत असलेले रँग्लर परांजपे पुढें 1916 सालीं अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. मुंबई विद्यापीठाचीं दारें स्त्रियांना 1883 पासून उघडी असतांही अण्णासाहेबांनीं हिंगण्यास वेगळी चूल मांडली. शिक्षण मातृभाषेंतून आणि अभ्यासक्रमांत गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना स्थान. केंब्रिजमध्यें परीक्षा होती, पदवी नव्हती. येथें पदवी होती, परंतु तिला कायद्याची मान्यता 1951 पर्यंत नव्हती. दोन्हीकडे किंमत मोजली ती स्त्रियांनींच.

तिसरा मार्ग आज त्याच हिंगणें परिसरांत दिसतो. कर्व्यांच्या संस्थेनें 1991 सालीं काढलेलें कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय केवळ मुलींचें आहे, आणि आतां ज्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे त्या पुणें विद्यापीठाशीं तें संलग्न आहे. वर्ग स्वतंत्र, पदवी सामाईक. मला ही व्यवस्था आधींच्या दोहोंपेक्षां न्याय्य वाटते. तोरण्याच्या पलीकडील पासली गांवांतून एखादी मुलगी अशा महाविद्यालयांत आली असें समजूं. कार्यशाळेंतील लेथ असो कीं सभेचें अध्यक्षपद असो, तिनें बाजूस सरावें असें म्हणणारा तेथें कोणी नसतो. ज्या मुलीस घरीं व शाळेंत बाजूस सरण्याचीच संवय लावलेली असते, तिला हा लाभ लहानसहान नाहीं.

पण हें महाविद्यालय तिनें निवडलें कीं वडिलांनीं? ‘मुलींचें कॉलेज असेल तरच पाठवीन’ असें म्हणणारे वडील कांहीं थोडे नाहींत. त्या अटीवांचून तिचें शिक्षणच खुंटणार असेल तर अट पत्करावी हें मला मान्य आहे; पण तिला स्वातंत्र्य म्हणूं नये.

शिवाय विद्यापीठाचा दुसरा अर्धा भाग उरतोच. आपलीं जुनीं विद्यापीठें लंडनच्या धर्तीवर निघालीं. महाविद्यालयें संलग्न करावीं, परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, हें त्यांचें मुख्य काम. त्यामुळें संलग्न महाविद्यालयांतल्या मुलालाही गणेशखिंडीचें दर्शन क्वचितच घडतें. तरी त्याला कोणी विचारीत नाहीं कीं तूं विद्यापीठाचा खरा विद्यार्थी कीं नुसता संलग्न? त्याचें सभासदत्व गृहीत धरलेलें असतें. हिनें तें दर वेळीं सिद्ध करावें लागतें. ‘बंधुभाव’ हा आपला शब्दही पाहावा. बहिणीस त्यांत शिरण्यास वाट कोठें आहे?

हें अंतर तोडण्याचा भार आपण नेहमीं मुलींवरच टाकतों. त्यांनीं मिसळावें, त्यांनीं बुजूं नये, असा उपदेश त्यांना मिळतो. ज्यांची संख्या मोठी आणि ज्यांचें स्थान निर्वेध, त्यांनीं आधीं पाऊल उचलावें हें मात्र कोणी सांगत नाहीं. पासलीची ती मुलगी आंतरमहाविद्यालयीन वादसभेस उभी राहील, तेव्हां समोरचे विद्यार्थी तिच्या महाविद्यालयाचें नांव ऐकून हंसतात, कीं तिचा मुद्दा खोडण्यासाठीं कागद पुढें ओढतात, हें मला पाहावयाचें आहे.