माझ्या जिभेवर तर चालतंय

मागच्या डिसेंबरात गावी जाताना मी पुण्याहून पाव किलो ब्रसेल्स स्प्राऊट घेऊन गेलो. ज्यांनी ही भाजी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लिंबाएवढे कोबीचे गड्डे. एका उभ्या दांड्याला खालपासून वरपर्यंत लगडलेले असतात. मराठीत हिला रुळलेलं नाव नाही. 'स्प्राऊट' ऐकल्यावर आईने विचारलं, "मटकीचे का मुगाचे?"

आमचं गाव पारनेर तालुक्यात. जिल्हा कागदावर आता अहिल्यानगर झालाय, आमच्या तोंडात अजून 'नगर'च येतं. चुलीवर बाजरीच्या भाकरी चालू होत्या. मी शेजारच्या गॅसवर लोखंडी तवा ठेवला. गड्डे मधोमध कापले, तेल चांगलं तापू दिलं, कापलेली बाजू खाली करून मांडले आणि पाच-सहा मिनिटं हात लावला नाही. खालची बाजू तपकिरी झाली, तेव्हा मीठ, ठेचलेला लसूण आणि वरून लिंबू. मला स्वतःला ही भाजी आवडायला दोन वर्षं लागली होती, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच वाढली.

पप्पांनी एक तुकडा खाल्ला. उरलेले ताटाच्या कडेला सारले.

"कडूय."

मी म्हणालो, "कडू नाहीये पप्पा. तुम्हाला सवय नाही. चव डेव्हलप करावी लागते."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. ते माझं नव्हतंच.

*

मी तिसरीत असेन. ताटात कारल्याची भाजी होती. मी म्हणालो, कडू आहे. पप्पा म्हणाले, "कुठं कडू आहे? मी खातोय ना! सवय नाही तुला." ताट संपल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलं. भारनियमन होतं, लाईट गेली, आईने कंदील लावला. सगळ्यांची जेवणं झाली, मी बसून होतो. शेवटी गोळ्या गिळतात तसं पाण्याबरोबर एकेक फोड गिळली आणि दहा मिनिटांत अंगणात जाऊन सगळं ओकलो.

मार बसला नाही. पप्पा तसे मारणारे नव्हतेच. त्यांना मनापासून वाटत होतं की पोराला चांगली सवय लागावी. पण आज वीस वर्षांनीही मी कारलं खात नाही, आणि त्या रात्रीचं जे आठवतं ते कारल्याच्या कडूपणापेक्षा 'कुठं कडू आहे?' हे जास्त.

म्हणजे प्रश्न असा: एक माणूस म्हणतो कडू आहे, दुसरा म्हणतो नाहीये. दोघंही खरं बोलत असतील तर? आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या जिभेवर अधिकार नेमका किती?

*

आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे. टेस्टर सांगतो, ॲप बंद पडतंय. डेव्हलपर खुर्चीतून न उठता म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." वाक्य खोटं नसतं. त्याच्या मशीनवर खरंच चालत असतं. चूक अशी की तो स्वतःच्या मशीनला जग समजतो.

जिभेच्या बाबतीत ही गोष्ट १९३१ साली प्रयोगशाळेत दिसली. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची पावडर हाताळत होते. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, फार कडू आहे. फॉक्स यांना काहीच चव लागेना. दोघांनी मुद्दाम चाखून पाहिलं, तरी तेच. मग इतरांना चाखायला दिली, तर माणसं सरळ दोन गटांत पडली. पुढे कळलं की हा फरक बराचसा आनुवंशिक आहे, आणि २००३ मध्ये त्यामागचं मुख्य जनुक सापडलं. त्याचं नाव टीएएस-टू-आर-थर्टीएट. ज्यांच्याकडे या जनुकाचा एक प्रकार असतो त्यांना पीटीसी असह्य कडू लागतं, दुसरा प्रकार असलेल्यांना ते जवळपास बेचव असतं.

याचा कोबीशी संबंध आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि ब्रसेल्स स्प्राऊट या एकाच वनस्पतीच्या वेगवेगळ्या जाती आहेत. किड्यांपासून वाचायला ही वनस्पती गंधकयुक्त संयुगं साठवते. त्यांना फोडणारं विकर ती वेगळ्या कप्प्यात ठेवते. किड्याने चावा घेतला किंवा आपण सुरी चालवली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि मोहरीसारखा तिखटपणा तयार होतो. यातल्या काही संयुगांचा कडूपणा तेच जनुक ओळखतं जे पीटीसी ओळखतं. तेव्हा पप्पांना स्प्राऊट माझ्यापेक्षा कितीतरी कडू लागत असणं सहज शक्य आहे. त्यात हट्टीपणा नाही आणि गावंढळपणाही नाही.

आणखी एक गंमत. माणसाकडे कडू ओळखणारे साधारण २५ प्रकारचे ग्राहक असतात. कारल्याचा कडूपणा वेगळ्या संयुगांचा, त्यामुळे त्याला ओळखणारे ग्राहकही वेगळे. म्हणून कारलं चवीने खाणारा माणूस स्प्राऊटपुढे हात टेकू शकतो आणि माझ्यासारख्याचं बरोबर उलटं होऊ शकतं. 'मी कडू खाऊ शकतो' ही बढाई फार तर एका प्रकारच्या कडूपुरती खरी असते. शिवाय लहान मुलांना कडू मोठ्यांपेक्षा जास्त झोंबतं. तिसरीतला मी आणि चाळिशीकडे निघालेले पप्पा एकाच कढईतली भाजी खात होतो, पण एकच चव घेत नव्हतो.

*

यावर माझ्या आजीचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही.

आजीने १९७२चा दुष्काळ पाहिलाय. पाझर तलावाच्या कामावर तिने खडी फोडली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी खाल्ल्या. कामावर सुकडी वाटत, ती पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली. तिच्यासमोर मी जनुकं वगैरे सांगितली तेव्हा ती म्हणाली, "पोट भरलेलं असलं की मग जीभ बोलायला लागती."

बरोबर आहे. आवडनिवड ही भरल्या पोटाची गोष्ट आहे. पाव किलो विलायती कोबी हौसेने विकत घेणाऱ्याने 'प्रत्येकाच्या जिभेचा मान' या विषयावर बोलताना जरा खाली बघावं.

पण मी तिला विचारलं, "मिलो कशी लागायची?"

"वंगाळ." क्षणभरही थांबली नाही. "घशाखाली उतरायची नाही. पण खाल्ली."

मला वाटतं, हाच तो फरक आहे. आजीने मिलो खाल्ली, पण ती चांगली होती असं बावन्न वर्षांत एकदाही म्हणाली नाही. पाऊस झाला, शेतात आपली ज्वारी आली आणि मिलो आमच्या घरातून कायमची गेली. गरज माणसाला काहीही खायला लावू शकते. पण जे वाईट लागतंय ते वाईट लागतच नाहीये असं कबूल करायला लावणं हे गरजेचं काम नाही. ते दुसरा माणूस करतो. माझ्या ताटातलं कारलं मी गिळलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. मला कडू लागत होतं, हेच अमान्य केलं गेलं. तिथे पहिल्यांदा मला कळलं की मोठ्या माणसाचा शब्द माझ्या अनुभवापेक्षा वरचढ असू शकतो. हा धडा पोरं ताटापुरता ठेवत नाहीत.

*

मग उपाय काय? कडूपणाच काढून टाकायचा?

तेही करून झालंय. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये हान्स व्हॅन डोर्न या शास्त्रज्ञाने स्प्राऊटला कडू करणारी नेमकी दोन संयुगं शोधली. मग बियाणं कंपन्यांनी आपल्या साठ्यातल्या जुन्या, विस्मरणात गेलेल्या वाणांत ही संयुगं कमी असलेले वाण शोधले आणि जास्त उत्पन्न देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. आजची स्प्राऊट खरंच कमी कडू आहे. युरोपातली मोठी माणसं 'आमच्या लहानपणी ही भाजी फार कडू होती' म्हणतात, तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसतात. भाजीच बदलली आहे.

मला या गोष्टीतला एक तपशील फार आवडतो. गोडवा जुन्या बियांत सापडला. कोणीतरी त्या फेकून दिल्या नव्हत्या म्हणून सापडला. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली, त्यासाठी त्यांना २०२०चा पद्मश्री मिळाला. तिथल्या वाल-घेवड्याच्या बिया बघताना 'यातला कोणता चविष्ट' हा एकच प्रश्न पुरेसा नसतो. आज नकोसा वाटणारा वाण उद्या कोणाच्या कामाला येईल, ते आज सांगता येत नाही.

म्हणून सगळंच आपल्या जिभेच्या मापाचं करून घेणं मला धोक्याचं वाटतं. माझ्या फोनवर ते आधीच होतंय. मला आवडलेलंच गाणं, पटलेलंच मत, आवडलेलीच बिर्याणी पुन्हा पुढे येते. तिथे कोणी मला ताटावर बसवून ठेवत नाही, पण नवं कडू चाखायची वेळही येऊ देत नाही. मला स्प्राऊट आवडायला दोन वर्षं लागली, ती कोणत्या अल्गोरिदमने मला दिली असती?

म्हणजे दोन टोकं झाली. एक म्हणतं, तुझी जीभ चुकीची आहे. दुसरं म्हणतं, तुझ्या जिभेबाहेर काही नाहीच. मला दोन्ही नको आहेत.

*

मधला रस्ता आपल्या घरांत आहे, असं मला हल्ली वाटतं. गुढीपाडव्याला सकाळी कडुनिंबाचा पाला खातात. त्याचं व्याकरण बघा. पाला थोडाच असतो. सोबत गूळ असतो, ओवा-हिंग असतं. वर्षातून एकदाच असतो. घरातला सर्वांत मोठा माणूसही खातो, आणि खाताना तोंड वाकडं करतो. 'कडू नाहीये' असं त्या दिवशी कोणीच कोणाला म्हणत नाही. कडू आहे हे सगळ्यांना मान्य असतं, म्हणूनच तर गूळ असतो.

स्वयंपाकही तेच करतो. आई कारल्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवते आणि पिळते. मिठाने कडू पाणी सुटतं आणि जे उरतं त्याचा कडूपणाही जिभेला कमी जाणवतो. मग चिंच, गूळ, शेंगदाण्याचं कूट. स्प्राऊटचंही तसंच: फार वेळ उकडली तर गंधकाचा तो वास सुटतो, होस्टेलच्या मेसमधल्या कोबीचा. कडक तव्यावर भाजली तर गोडसर होते. चांगला स्वयंपाक करणारा खाणाऱ्याची तक्रार खरी मानून सुरुवात करतो. 'सवय कर' म्हणणारा स्वतःचं काम खाणाऱ्यावर ढकलतो.

सवय लागते हे खोटं नाही. नवी भाजी मुलांना आठ-दहा वेळा समोर आली की बऱ्याचदा आवडू लागते. पण जबरदस्ती केली की उलट तिरस्कार वाढतो. त्यामुळे वाढणाऱ्याला पुन्हा पुन्हा वाढायचा अधिकार आहे, आणि खाणाऱ्याला प्रत्येक वेळी 'नको' म्हणायचा. हे फक्त भाजीबद्दल आहे असं मला वाटत नाही, पण भाजीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

*

दुसऱ्या दिवशी उरलेल्या स्प्राऊटचं आईने ताब्यात घेऊन कारल्यासारखं केलं. चिरून मीठ चोळलं, पिळलं, तेलात खमंग परतलं, चिंच-गूळ, कूट. पप्पांनी दोन घास खाल्ले. वर पाणी प्यायले.

"अजून कडूच हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो. आहे कडू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारल्याची ती रात्र त्यांना आठवत असेल असं मला वाटत नाही, आणि मी काढलीही नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तिसरा घास घेतला, चौथा मात्र घेतला नाही. वाटी माझ्याकडे सरकवली. मी ती संपवली.