भयाची वांटणी

भित्यापाठीं ब्रह्मराक्षस, ही म्हण आपण भेकडाला हिणविण्यासाठीं वापरतों. तिच्यांत एक गृहीत दडलेलें आहे. तें असें कीं, राक्षस मुळांत नाहींच. भित्याच्या मनानेंच तो उभा केला आहे. परंतु राक्षस खरोखरच आहे, मात्र तो दहा हजारांतून चारपांच जणींनाच गांठतो, असें सिद्ध झालें, तर ह्या म्हणीचें काय करावयाचें? अशा भयाला वेडेपण म्हणावें कीं शहाणपण? भयाविषयीं तत्त्वज्ञांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु त्यांचीं भयें बहुतेक रणांगणावरचीं किंवा मृत्युशय्येवरचीं. रोज रात्रीं जेवण झाल्यावर पाण्याच्या घोटाबरोबर जें भय गिळावें लागतें, त्याची दखल त्यांनीं घेतलेली दिसत नाहीं. ह्याचें कारण, मला वाटतें, एवढेंच कीं, ते बहुतेक सारे पुरुष होते.

हा विचार करण्यास निमित्त झाली ती माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती बोर्डीस राहते व तिकडेच एका शाळेंत शिकविते. पहिलें मूल दोन वर्षांचें झालें, दुसरें इतक्यांत नको, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें ती संततिनियमनाच्या गोळ्या घेऊं लागली. तिसऱ्या महिन्यांत एके दिवशीं पाकिटांतलें घडीचें पत्रक तिनें उलगडलें आणि त्यावरील बारीक इंग्रजी अक्षरांतून तिला समजलें कीं, ह्या गोळीमुळें क्वचित् पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसांत अडकते, आणि माणूस दगावूंहि शकतें. ओहोटीच्या वेळीं बोर्डीचा समुद्र फार दूर जातो. त्या ओल्या वाळूवरून तासभर चालून आल्यावर पोटऱ्या कोणाच्याहि दुखतील. पण तिला त्या दुखण्यांत गुठळी दिसूं लागली. पोलकें बेतण्याची टेप घेऊन ती रोज रात्रीं दोन्ही पोटऱ्या मोजी; डावी उजवीपेक्षां अर्ध्या सेंटीमीटरनें मोठी निघाली कीं झोप उडे. डॉक्टरांनीं पाय तपासला, सोनोग्राफी केली, कांहीं नाहीं म्हणून सांगितलें. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशीं टेप पुन्हा बाहेर आली. मला तिनें विचारलें, "सर, दहा हजारांत थोड्याच, हें मला कळतें. पण मी त्या थोड्यांतली नाहीं, हें कोण सांगणार?"

ह्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं वस्तुस्थिति काय आहे तें पाहिलें पाहिजे. शिरेंतल्या शिरेंत रक्त कां गोठतें, ह्याचा शास्त्रशुद्ध विचार १८५६ च्या सुमारास रूडोल्फ फिर्खो ह्या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञानें केला. प्रवाह मंदावणें, शिरेच्या भिंतीस इजा होणें, आणि रक्ताच्याच घटनेंत फरक पडणें, हीं तीन कारणें आजहि मान्य आहेत. गोळींतील इस्ट्रोजेन तिसऱ्या वाटेनें काम करतें. यकृतांत तयार होणाऱ्या, रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांचें प्रमाण तें थोडें वाढवितें. अमेरिकेंत १९६० सालीं संततिनियमनासाठीं पहिल्या गोळीस मान्यता मिळाली, आणि १९६१ सालींच 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकांत, गोळी घेणाऱ्या एका इंग्रज परिचारिकेच्या फुप्फुसांत गुठळी अडकल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. म्हणजे गोळी आणि तिचें भय हीं जवळजवळ जुळीं भावंडें आहेत. त्या काळच्या गोळींत इस्ट्रोजेन आजच्या कित्येक पट असे. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या 'माला-एन' गोळींत तें अवघें ०.०३ मिलिग्रॅम असतें.

आतां आंकडे. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें दिलेले अंदाज असे आहेत: गोळी न घेणाऱ्या व गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना, गरोदरपणीं ५ ते २० जणींना, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, त्याच वार्षिक हिशेबानें, ४० ते ६५ जणींना. आणखी एक गोष्ट आहे, जी भिणाऱ्यांच्या सहसा कानीं जात नाहीं. धोका पहिल्या वर्षांत, विशेषतः पहिल्या कांहीं महिन्यांत, सर्वांत अधिक असतो; पुढें तो उतरतो. महिनाभर गोळी थांबवून पुन्हा सुरू केली कीं तो पुन्हा चढतो. म्हणजे भीतीनें जी सोडते आणि धीर करून पुन्हा धरते, ती प्रत्येक वेळीं चढ नव्यानें चढते.

हे आंकडे ऐकून माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मग मी गरोदर होतें तेव्हां मला एवढी भीति कां वाटली नाहीं?" हा तिचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

जें आपोआप होतें त्याला आपण भीत नाहीं. जें आपल्या हातून होतें त्याला भितों. गर्भारपण हें येतें, गोळी ही घ्यावी लागते. एकाचा कर्ता दैव, दुसऱ्याचा कर्ता आपण. लग्नपत्रिकेबरोबर गरोदरपणाच्या धोक्यांचें पत्रक घडी करून पाठविण्याची चाल कोणत्याहि समाजांत नाहीं. असती तर मंगल कार्यालयांच्या मालकांचें कठीण झालें असतें. निव्वळ तर्कानें पाहतां हा भेद टिकत नाहीं, कारण गोळी न घेणें हीहि कृतीच आहे आणि तिलाहि परिणाम आहेत. इतकें सांगून तर्कशास्त्राचा अध्यापक मोकळा होऊं शकतो. पण मला वाटतें, तिच्या भयाचें खरें मूळ तर्काच्या चुकींत नाहीं. तें निराळ्याच ठिकाणीं आहे.

समजा, एखादी बाई बाळंतपणांत दगावली. आपला समाज काय करतो? सवाष्ण गेली म्हणून तिची ओटी भरतो, मळवट भरतो, तिचें नांव काढून डोळे पुसतो. नशिबापुढें कोणाचें काय चालतें, असें म्हणतो. आतां समजा, तीच बाई गोळीच्या परिणामानें गेली. "कोणी सांगितलें होतें गोळ्या घ्यायला?" हा प्रश्न चितेवरची राख निवण्यापूर्वीं विचारला जाईल, आणि तो बहुधा दुसरी एखादी बाईच विचारील. म्हणजे भय केवळ मरणाचें नाहीं. मरणानंतरच्या निकालाचें आहे. गुठळी झाली तर ती आजारी ठरणार नाहीं, अपराधी ठरेल. रात्रीं टेप घेऊन पोटरी मोजणारी स्त्री शरीराची तपासणी करीत असते हें खरें. पण त्याबरोबर ती आपल्यावरील आरोपाचीहि तयारी करीत असते. अशा भयावर सोनोग्राफीचा उतारा कितीसा चालणार?

तेव्हां तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, तूं त्या थोड्यांतली नाहींस हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. दहा हजारांचा आंकडा हा आरोग्याधिकाऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे. तालुक्यांत किती खाटा लागतील, हें त्यावरून ठरेल. एकटीची रात्र त्यावरून ठरत नाहीं. मात्र भयाला काम देतां येतें. डॉक्टरांना आधींच सांगावयाच्या कांहीं गोष्टी आहेत: पूर्वीं स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यांत कोणाला गुठळी झाली होती काय, पस्तिशी उलटून धूम्रपान चालूं आहे काय, डोळ्यांपुढें तिरीप येऊन अर्धशिशी उठते काय, लवकरच मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची आहे काय. डहाणू-तलासरीच्या भागांत आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो, आणि त्या रोगांत गुठळीची प्रवृत्ति मुळांतच अधिक असते. अशा स्त्रीनें डॉक्टरांना विचारल्यावांचून ही गोळी घेऊं नये. आणि घेऊं लागल्यावर लक्षांत ठेवावयाचें तें इतकेंच: एकच पाय सुजून दुखूं लागला, एकाएकीं धाप लागली, छातींत कळ आली, खोकल्यांतून रक्त पडलें, तर त्याच दिवशीं, त्याच घटकेला दवाखाना. ह्या गोष्टी ज्या भयाला ठाऊक आहेत तें पहारा करतें. ज्याला ठाऊक नाहींत तें टेप घेऊन बसतें.

हें सांगावयाचें कोणीं, आणि कसें? १९७० सालीं अमेरिकेच्या सेनेटमध्यें सिनेटर नेल्सन ह्यांच्या समितीपुढें गोळीच्या दुष्परिणामांची चौकशी चालली होती. साक्षी देणाऱ्यांत गोळी घेणारी एकहि स्त्री नव्हती. तेव्हां प्रेक्षकांत बसलेल्या तरुणी उठून उभ्या राहिल्या आणि आम्हांला हें कां सांगितलें नाहीं, असें त्यांनीं मोठ्यानें विचारलें. बायका उगीच घाबरतील, असें म्हणणारे डॉक्टरहि होतेच. अखेर प्रत्येक पाकिटांत माहितीचा कागद घालण्याचें ठरलें. माझ्या विद्यार्थिनीची झोप उडविणारें पत्रक हें त्याच आरडाओरड्याचें वंशज आहे, आणि झोप उडाली तरी तें असावें, असेंच माझें मत आहे. ज्याच्या शरीराचा प्रश्न त्याच्यापासून धोका लपविणें हा दयेच्या वेषांतला अपमान होय. पण नुसतें सांगणें पुरत नाहीं. १९९५ च्या ऑक्टोबरांत ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीनें जाहीर केलें कीं, कांहीं नव्या जातीच्या गोळ्यांनीं गुठळीचा धोका दुप्पट होतो. मूळ आंकडा इतका लहान होता कीं, दुप्पट होऊनहि तो दहा हजारांत तिनाच्या आसपास राहिला. परंतु लोकांच्या कानांत 'दुप्पट' हा एकच शब्द घुमला. पुष्कळ स्त्रियांनीं गोळ्या फेंकून दिल्या, आणि पुढच्या वर्षीं इंग्लंड व वेल्समधील गर्भपातांची संख्या हजारोंनीं वाढली.

आपल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांची येथें आठवण होते. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यापायीं विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी सोडली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. गोळी त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हतीच. पण स्त्रीला स्वतःच्या देहाविषयीं सरळ भाषेंत सांगावें, हें गणिताच्या ह्या माणसानें जितकें ओळखलें होतें, तितकें आजच्या पत्रककारांनींहि ओळखलेलें दिसत नाहीं. आणि बोर्डीच्या बाबतींत तर हें विशेषच बोंचतें. ह्याच गांवीं १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें, जें पुढें कोसबाडास गेलें. पोर शाळेंत येत नसेल तर शाळेनें अंगणांत जावें, ही त्यांची दृष्टि. आज आशा कार्यकर्ती गोळ्यांचें पाकीट अंगणांत नेऊन देते, पण समजावून सांगण्याला लागणारा अर्धा तास त्या पाकिटाबरोबर अंगणांत पोंचतोच असें नाहीं.

एक गोष्ट मीं विद्यार्थिनीला अगदीं शेवटीं विचारली: तुझ्या यजमानांनीं तें पत्रक वाचलें आहे काय? ती हंसली. तो मनुष्य वाईट नाहीं. तिनें भीति बोलून दाखविली तेव्हां तो म्हणाला, "मग बंद कर." त्याच्या मतें ह्यांत त्याचें कर्तव्य संपलें, आणि बंद केल्यावर काय, हा विचार पुन्हा तिच्याच पदरांत पडला. देशांतील आंकडे ह्याहून वेगळें बोलत नाहींत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, विवाहित जोडप्यांपैकीं सदतीस-अडतीस टक्के जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि पुरुषाची हजारांतून तीन जोडप्यांत. वास्तविक दोहोंत सोपी व कमी जोखमीची ती पुरुषाचीच. भुलीचें भय, टांक्यांचें भय, गुठळीचें भय, सारें एका बाजूच्या खातीं जमा.

पुरुषानें ह्यांत करावें काय, त्याच्या पोटरींत तर गुठळी व्हावयाची नाहीं, असा आक्षेप येईल. शरीर वांटून घेतां येत नाहीं हें खरें. पण पत्रक वांचतां येतें. डॉक्टरांकडे जोडीनें जातां येतें. इस्ट्रोजेन नसलेली आठवड्याची 'छाया' गोळी, तांबी, स्वतःची शस्त्रक्रिया, ह्यांविषयीं विचारतां येतें. बोर्डीपासून डहाणू सतरा किलोमीटर आहे. रात्रीं दोन वाजतां तिला एकाएकीं धाप लागली, तर गाडी काढणाऱ्यालाहि ठाऊक असलें पाहिजे कीं ही पित्ताची मळमळ नव्हे, सकाळपर्यंत थांबावयाचें नाहीं, आणि दवाखान्याच्या दारांत पहिलें वाक्य उच्चारावयाचें तें हें कीं, ही गोळ्या घेत आहे.