भोवऱ्याचे देणे

मराठीत 'भोवरा' हा शब्द तीन गोष्टींसाठी चालतो: मुले दोरी गुंडाळून फिरवतात ते लाकडी खेळणे, डोक्यावरच्या केसांचा फेर आणि पाणी जिथे गरगरते ती जागा. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या भोवऱ्यात मोठा भेद आहे. लाकडी भोवरा थांबला की आडवा पडतो. उचलून खिशात टाकता येतो. पाण्यातला भोवरा थांबला की उरतच नाही. तिथे फिरणे हीच वस्तू होती.

माणूस यांपैकी कोणता? स्वतःविषयी बोलताना आपण लाकडी भोवराच गृहीत धरतो: अनुभव फिरतात, आत 'मी' नावाचे लाकूड कायम असते. पण देहातले पाणी बदलते, पेशी बदलतात, मते आणि आवडीनिवडी बदलतात. आपण पाण्यातले भोवरे असू, तर वीस वर्षांपूर्वी दिलेल्या वचनाला आज बांधील कोण?

आधी पाण्याकडेच पाहू. उत्तर नॉर्वेत बोडो शहराजवळ साल्टस्ट्राउमेन नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. लांबी सुमारे ३ किलोमीटर, रुंदी जेमतेम १५० मीटर. भरती-ओहोटीमुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो आणि सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी सहा तासांत या वाटेने धावते. मधला प्रवाह वेगवान, काठालगतचे पाणी संथ. दोहोंच्या सीमेवर पाणी स्वतःभोवती वळू लागते. केंद्राकडे येताना त्याचा वेग वाढतो, मध्यावरचा दाब घटतो आणि पृष्ठभाग द्रोणासारखा खोल जातो. अशा भोवऱ्यांचा व्यास १० मीटरपर्यंत जातो. क्षणोक्षणी नवे पाणी आत येते, जुने निघून जाते, आकार टिकतो. प्रवाह मंदावला की मोठा भोवरा लहान भोवऱ्यांत फुटतो, ते आणखी लहानांत, आणि शेवटी सारी गती किंचित उष्णता होऊन विरते. मग प्रवाह उलटा फिरतो आणि नवे भोवरे उठतात.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ मध्ये गणिताने दाखवले, की घर्षण मुळीच नसलेल्या आदर्श द्रवात भोवरा कधी नष्ट होणार नाही. पण तो नव्याने निर्माणही होणार नाही. या अमरत्वाची भुरळ लॉर्ड केल्विन यांना पडली. अणू म्हणजे ईथरमधली भोवऱ्यांची कडी असावीत, अशी कल्पना त्यांनी १८६७ मध्ये मांडली. ती पुढे टिकली नाही. आपल्या ओळखीच्या पाण्यात मात्र घर्षण आहे. ज्या चिकटपणामुळे भोवरा जन्मतो, तोच त्याला संपवतो.

आता वचनाचा प्रश्न. 'तो मी नव्हेच' हा बचाव फार जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतात. चोर म्हणतो, मालकाने लावलेला आंबा वेगळा, मी तोडलेले आंबे वेगळे. मग चोरी कसली? राजाही मान्य करतो की चोर दोषीच, कारण तोडलेली फळे लावलेल्या आंब्यातूनच आली. नित्य आत्मा न मानणाऱ्या परंपरेने जबाबदारी सोडलेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिने जबाबदारीचा आधार बदलला: लाकडाऐवजी साखळी.

दुसरा बचाव अधिक आधुनिक आहे: 'मला प्रवाहाने फिरवले.' दंगलीत दगड उचलणारा हेच म्हणतो, आणि वरून आलेला आदेश आहे म्हणून सही करणारा कारकूनही. त्यात तथ्य आहे. भोवरा आपली शक्ती स्वतः निर्माण करत नाही. पण पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीचे पात्र पाहावे. तिथल्या काळ्या बेसाल्टमध्ये रांजणासारखे खोल खळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यांत सापडलेले दगडगोटे गरगरत राहिले आणि त्यांनी कातळ कोरला. ते भोवरे केव्हाच विरले, रांजणखळगे आहेत. शक्ती प्रवाहाची होती, तरी कातळ कोरला गेला तो जिथे पाणी फिरले तिथेच.

माणसाकडे पाण्याला नसलेली एक गोष्ट आहे: आपण कोणत्या दिशेने फिरतो आहोत, हे त्याला कळू शकते. म्हणून त्याचे देणे पाण्याहून जड.

यावर एक रास्त आक्षेप येतो. तारुण्यात अपराध केलेला माणूस साठीत खरोखर बदललेला असेल, तर त्याच्याकडे त्याच नजरेने पाहणे अन्याय नाही का? आहे. पण इथे राग आणि देणे वेगळे ठेवले पाहिजेत. माणूस बदलला की त्याच्यावरचा राग सैल व्हावा. बहुतेक शिक्षांचा हेतूही तिथे संपतो. देणे मात्र बदलाने फिटत नाही, कारण ते ज्याच्यावर कोरले गेले त्याच्यापाशी असते. ते माफ करायचे तर त्यानेच करावे. 'मी आता तो राहिलो नाही' हे वाक्य खरे असले, तरी भरपाईनंतर बोलावे. आधी बोलले की तो पळ असतो.