न पाहिलेल्या बापाची वारी

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत पोचते, तेव्हा परीट समाजातली मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात. मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण. कळप आधी बुजतो, मेंढपाळ हाकारे घालतात; पुढची मेंढी एकदा वळली की बाकीच्या धूळ उडवत तिच्यामागे सुटतात. मोबाइल उंच धरून उभ्या राहिलेल्या गर्दीत फार थोड्यांच्या मनात येतं, की हा सगळा सोहळा एका मुलानं बापासाठी मांडला होता. आणि त्या मुलानं बापाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

नारायण महाराज हे तुकोबांचे धाकटे चिरंजीव. तुकोबा 1650 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जिजाईंना दिवस होते. पुढे 1685 मध्ये याच नारायणबाबांनी वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीला नेल्या. वाटेत आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकाही घेतल्या. तोवर वारी होती, पण असा पालखी सोहळा नव्हता.

ज्याला कधी पाहिलंच नाही, त्याला आठवायचं तरी कसं? आपल्याकडे पितृस्मरणाची रीत ठरलेली आहे: तिथी, पिंड, पान, कावळा. पण वारकरी श्रद्धेनुसार तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. मागे ना देह, ना राख. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावं, अशी तोड शास्त्रानं काढून ठेवलीच आहे. शास्त्र कशाला अडून बसत नाही! तरी देहूच्या वाट्याला आलेलं स्मरण पुतळ्याचं नव्हे, चालण्याचं आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकाराम बीजही श्राद्धासारखी नव्हे, उत्सवासारखीच होते.

नारायणबाबांकडे स्वतःची आठवण एकही नव्हती. होती ती सगळी उसनी. चुलते कान्होबांनी भावाच्या जाण्यावर केलेले शोकाचे अभंग आजही गाथेत छापले जातात. त्यात संताबद्दलच्या भक्तीपेक्षा विठ्ठलावरचा राग आणि थोरला भाऊ गेल्याचं पोरकेपण जास्त आहे. आणि आई होती. जिजाईंना परंपरेनं कजाग ठरवून टाकलं. दुष्काळ पाहिलेल्या, कच्च्याबच्च्यांच्या घरात चूल पेटवायची जबाबदारी जिच्यावर, ती नवऱ्याच्या विरक्तीवर खूश कशी राहणार? कीर्तनकार तिला हशासाठी वापरतात, हे बरं नव्हे. तुकोबा घरात कसे होते हे सांगू शकणारं तिच्याइतकं जवळचं माणूस दुसरं नव्हतं. बापाची खरी ओळख हवी असेल तर आईची तक्रारही ऐकावी लागते.

तुकोबांनी स्वतःच्या वडिलांचं काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे. बोल्होबांकडून त्यांना दोन गोष्टी आल्या: सावकारी आणि पंढरीची वारी. कर्जखतांतला निम्मा वाटा त्यांनी कान्होबांना दिला, आपला इंद्रायणीत बुडवला, अशी कथा आहे. वारी मात्र सोडली नाही. बापाचं सगळंच जपायचं नसतं, हे त्यांना विशीतच कळलं असावं. पुढच्या पिढीनंही आपली निवड केली. शिवरायांचा नजराणा तुकोबांनी परत पाठवल्याची आख्यायिका घरोघर सांगतात. नारायणबाबांनी मात्र शाहू महाराजांकडून देहू, येलवाडी, किन्हई ही गावं इनाम घेतली. बापाचा हा अपमान म्हणायचा का? तसं वाटत नाही. सोहळा चालवायचा तर शिधा लागतो, माणसं लागतात. विरक्ती एकट्याला परवडते, दरसालच्या सोहळ्याला नाही.

पालखीच्या वाटेवरच्या इंदापुरात बाप हरपल्याची आणखी एक कथा आहे. मालोजीराजे भोसले इथल्या लढाईत पडले, तेव्हा शहाजीराजे लहान होते. जहागीर मुलांच्या नावे झाली, सांभाळ चुलते विठोजींनी केला. दोन्ही घरांत मुलांना बाप कळला तो मोठ्यांच्या तोंडून.

बारामती-इंदापूर पट्ट्यात बापाला असं चालत आठवणं आजही जिवंत आहे. ठरलेल्या दिंडीला ठरलेल्या घरी पिठलं-भाकरी; करणारे हात बदलले तरी दिंडी तीच आणि उंबराही तोच. वडील थकले की वारी मुलाकडे येते. काही जण विठ्ठलावर फारसा विश्वास नसतानाही चालतात, कारण घरची वारी खंडू द्यायची नाही. याला भक्ती म्हणावं की नुसती सवय, असा प्रश्न शहाणी माणसं विचारतात. विचारू देत. पण अशा माणसाला वाटेत वडिलांच्या ओळखीचे म्हातारे भेटतात आणि घरात कधी न ऐकलेले वडील त्यांच्याकडून कळतात. फोटोला हार घालून एवढं हाती लागत नाही.

सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातलं जातं आणि पालखी अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात जाते. त्याआधी बेलवाडीच्या रिंगणाला गेलात, तर घोडा धावून झाल्यावर लगेच गाडीकडे वळू नका. शेजारी टेकलेल्या एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याला विचारा, बाबा, ही वारी कुणाची चालवताय?