वसईचं बेट, स्कूटरवरून

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घ्यायची आणि फेरीबोटीतून दिवाडी बेटावर उतरायचं, ही गोव्यातली हौस आपल्या ओळखीची. पण आपली वसईही एकेकाळी बेटच होती! तिला मुख्य भूमीपासून वेगळं करणारी सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या किल्ल्यापासून निघा. गिरीज, भुईगाव, निर्मळ करत आगाशी गाठा. वाटेत केळीच्या बागा, नागवेली, विहिरी. सुकेळी मिळाली तर थांबून घ्याच. वेग मात्र कमी ठेवा. या अरुंद रस्त्यांवरून वाडीतली माणसं चालतात, आणि रस्ता आधी त्यांचा आहे. पुढे अर्नाळ्याला स्कूटर किनाऱ्यावरच लावा. तिथल्या किल्ल्याच्या बेटावर होडी नेते.